बसवलेले देव

धर्मराज बापूंनी कंपनीच्या साहेबाला चपला काढायला लावल्या, तेव्हाच कल्याणला कळलं की आपलं काम गेलं.

साहेब बाहेरगावचा. धावड्याच्या डोंगरात त्याला खडीची खाण काढायची होती आणि त्यासाठी लागणारा उतार कल्याणच्या वाट्याचा होता. जमिनीला भाडं, वर कल्याणला पोकलेन चालवायचं काम, असं ठरत आलं होतं. गावातल्या आणखी पोरांचीही सोय होणार होती. पण मधेच उतारावरच्या अंजनांना आणि कडुलिंबांना शेंदूर लागला. साहेब अनवाणी उभा राहिला, झाडांकडे बघितलं, मजुरांकडे बघितलं. शेंदराच्या झाडाला कुऱ्हाड लावायला एकही माणूस पुढे येईना.

शेंदूर बापूंनी लावला होता. देव बसवायचा मान गावात त्यांच्याच घराण्याचा. डोंगर फोडला तर विहिरी आटतील, मोर परागंदा होतील, हे ते पारावर वर्षभर सांगत होते आणि त्यात खोटं काही नव्हतं. शेंदूर लावायला ते उपाशीपोटी, एकटेच गेले. देव बसवताना दुसऱ्याची सावली पडू नये, असा त्यांचा दंडक. नेमकी जाडजूड, सरळ झाडंच का निवडली, असं खाणीत कामाची आस लावून बसलेल्या भागवतने विचारलं, तर म्हणाले, देव काय वाकड्या खोडात अंग चोरून बसंल का. लोक हसले. हसलेला माणूस सहसा पुढचा प्रश्न विचारत नाही.

कल्याणची बायको शालू मात्र हसली नाही. इतकी वर्षं हे देव कुठं गेल्ते आणि भाडं ठरल्यावरच कसे आले, एवढंच तिला विचारायचं होतं. ते विचारायला कल्याण बापूंच्या ओट्यावर गेला. तिथे गेल्यावर त्याची जीभ जरा मऊ झाली.

"बापू, देव उठवता येत न्हाई का? नारळ-बिरळ फोडून?"

"येतो की. ज्यानं बसवला त्यालाच येतो." बापू सुपारी कातरत होते. "तुझा बाप त्या रानात मोरांना दाणे टाकायचा. मी उठवतो देव, तू घाल मशीन. बोल."

कल्याण ओट्यावरून उठला. बापाचं नाव निघालं की त्याचा हिशोब नेहमीच चुकायचा. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच साहेबाला नाही म्हणून कळवलं.

कंपनी गेली. भागवतने त्याला तंबाखू द्यायचं बंद केलं. आमचं काम तुझ्या मोरांनी खाल्लं, असं तो चारचौघांत म्हणायचा. कल्याण ऐकून घ्यायचा. संध्याकाळी उतारावर जाऊन बसायचा. मोर ओरडले की त्याला वाटायचं, आपण काहीतरी मोठं केलं. हे शालूला सांगायची मात्र त्याची छाती नव्हती.

हाताला काम म्हणून तो पुन्हा सत्यनारायण शेठच्या आरागिरणीवर जाऊ लागला. शेठचं घराणं मूळचं राजस्थानचं, पण तीन पिढ्या इथल्याच मातीत मुरलेलं. कामही जुनंच, ओंडके गाडीत चढवायचे. शेठने घेतलेल्या प्रत्येक लाकडावर, उभ्या झाडावरसुद्धा, निळी फुली असायची, म्हणजे दुसऱ्या व्यापाऱ्याने त्याकडे बघायचं नाही. दुपारी इचरजबाई, म्हणजे शेठाणी, ताक पाठवायच्या. शेठ कुणावर आवाज चढवायचे नाहीत. खाणीच्या सगळ्या भांडणात तेवढाच एक माणूस गप्प राहिलेला.

एकदा ताकाबरोबर ते स्वतःच आले. इचरजबाईंचा नवस आहे म्हणाले. देवांपर्यंत पायऱ्या बांधायच्या, ओटा घालायचा. दुसऱ्याच्या जमिनीत पुण्य कसं करायचं, उतार विकतोस का. इतका पडेल भाव ऐकून कल्याणला हसू आलं. शेठही हसले.

"देव बसलेली जमीन कोण घेतंय, कल्याण? मीच एक येडा."

तेही बराबर होतं. कल्याण सल्ल्याला पुन्हा बापूंकडे गेला. बापूंनी डोंगराकडे बोट केलं.

"दिऊन टाक. कंपनी परत आली तर तुझं मन डळमळंल. शेठचं न्हाई डळमळायचं."

भोकरदनला खरेदीखत झालं. त्याच दिवशी शेठने सांगितलं की पायऱ्यांसाठी पोकलेन मागवलंय, चालवशील का. कल्याणने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा शालूने किती तरी दिवसांनी त्याच्या ताटात न मागता तूप वाढलं. रान राहिलं आणि कामही मिळालं, असं म्हणत तो जेवला. शालू म्हणाली, मंग बापूंच्या पाया पडून या.

बापू सकाळी उतारावरच भेटले. अनवाणी, कपाळाला अष्टगंध. पहिल्या अंजनापुढे नारळ फुटलेला होता. बाजूला तेलाची बाटली आणि फडकं. कामाआधी पूजा असणार. कल्याणने पोकलेन बंद केलं, खाली उतरला, चपला काढल्या आणि वाकून त्यांच्या पायाला हात लावला.

बापूंनी आशीर्वाद दिला. मग फडक्यावर तेल घेतलं आणि अंजनाचा शेंदूर पुसायला लागले.

"बापू, देव उठवून राह्यले का?"

"पायऱ्या कुठं बांधायच्या ते शेठ नंतर बघतील," बापू मागे न वळता म्हणाले. "तू मशीन चालू कर."

शेंदूर पापुद्र्यापापुद्र्याने निघत होता. खाली, सालीवर, जुनी निळी फुली होती.