तिसरा नकार

"या वेळीही व्हिसाला नाही म्हणाले, बाबा," गायत्री व्हिडिओ कॉलवर म्हणाली. "कारण तेच."

सुधाकररावांनी मान हलवली. लेकीच्या मागे स्वयंपाकघराची खिडकी दिसत होती, खिडकीबाहेर कॅनडातला बर्फ.

"कागद वगैरे काही आला?"

"सगळं ऑनलाइन असतं हो. दारू पिऊन गाडी चालवल्याची शिक्षा म्हटली की इथे फार कडक असतात. मनाला लावून घेऊ नका."

मध्येच पाच वर्षांच्या नातवाने फोन ओढला. "आजोबा, तुम्ही आलात की मला शाळेत गाडीतून सोडाल?"

"सोडेन की."

"चल, दूध पी आधी." गायत्रीने फोन परत घेतला. "ठेवते, बाबा."

मंगलाताई डिंकाचे लाडू वळत होत्या. ते पार्सलने जायचे होते. "पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज भर म्हणावं तिला," त्या म्हणाल्या. "तुमचं झालं की माझा अर्ज. मी एकटी तिथे जाऊन काय करू, बर्फ निवडू?"

सुधाकरराव हसले नाहीत.

गायत्री तेव्हा दहा वर्षांची होती. कामरेजजवळ बँकेतल्या एका मित्राचं फार्महाउस होतं. गुजरातेत दारू मिळत नाही, म्हणून बाटली दमणहून आली होती. परतताना मुलगी पुढच्या सीटवर बसली होती. गाडी दुभाजकावर चढली. तिचं डावं मनगट मोडलं. ते आजही पुरतं वळत नाही. चौकीत सुधाकररावांच्या बोटांना शाई लावली, ती नखांत दोन दिवस राहिली. पुढे कोर्टात दंड झाला, सहा महिने लायसन्स गेलं. तेव्हापासून त्यांनी थेंबही घेतला नाही.

गायत्री त्या संध्याकाळबद्दल कधीच काही बोलली नाही. तिला फक्त सायकलचं वेड लागलं. शिकवणी असो, कॉलेज असो, ऊन असो की पाऊस, ती सायकलनेच जायची. "सोडू का?" विचारलं की म्हणायची, "नको, व्यायाम होतो." सुधाकरराव हे लोकांना कौतुकाने सांगत.

अजूनही गाडीची किल्ली फिरवली की शेजारच्या रिकाम्या सीटवरून त्यांना दोन शब्द ऐकू येत. बाबा, हळू. पहिल्यांदा ती हसत म्हणाली होती. शेवटच्या वेळी नाही.

दारावर टकटक झाली. समोरच्या सरलाबाई पेढे घेऊन आल्या होत्या. त्यांचा मुलगा अमोल कॅनडातच ट्रक चालवतो.

"तोंड गोड करा, भाऊ. माझा व्हिसा झाला."

"अगंबाई, एकट्या जाणार?" मंगलाताईंनी विचारलं.

"एकटीच. अमोल म्हणे, आई, विमानात कोणाशी भांडू नको." सरलाबाई खुर्चीत टेकल्या. "अहमदाबादला व्हिसासाठी बोटं द्यायला गेले, ठसे घेतात ना, तर मशीन माझा अंगठाच घेईना. इतकी वर्षं साड्यांना टिकल्या चिकटवल्या, रेषाच गेल्या. ती पोरगी पुसतेय, दाबतेय, परत पुसतेय. मी म्हटलं, बेन, पोलीस चोराची पण एवढी घेत नसतील."

मंगलाताई खळखळून हसल्या. सुधाकररावांनी हात मांडीखाली घेतले.

"आणि नसतीच घेतली तर?" मंगलाताईंनी विचारलं.

"मग बसा घरी. बोटं दिल्याशिवाय ते फाइल उघडतच नाहीत. भाऊंना विचारा ना, त्यांनी तर तीनदा अर्ज केलाय."

मंगलाताईंचा लाडू हातातच राहिला. "पण यांची कधी—"

"घेतली ना," सुधाकरराव म्हणाले. "पहिल्याच वर्षी. तू नाशिकला होतीस, भावाकडे."

"मला बोलला नाहीत."

"त्यात काय बोलायचं? सगळ्यांचीच घेतात."

त्यांनी पेढ्याचा तुकडा मोडला आणि तोंडात टाकला.

गायत्रीने त्यांना बोटं द्यायला आजवर एकदाही पाठवलं नव्हतं.