पहिला मासा नदीचा

मत्स्यालयाच्या नव्या गोड्या पाण्याच्या टाकीत कोणते मासे ठेवायचे, हे विचारायला ऋतुजा मॅडमनी गेनूआबा भोयांना बोलावलं होतं. जिवंत मासा हाताळलेला माणूस पंचक्रोशीत आता तेवढाच उरला होता.

"जुन्या पेशींपासून आम्ही मासा पुन्हा घडवतो, आबा. पण प्रत्येक जातीची एकच कुपी शिल्लक आहे. जपून निवडा."

"मरळ नको, बाकीच्यांना गिळंल. वाम चिखलात तोंड खुपसून बसंल, लोकांना दिसायची न्हाई. आधी खडस करा."

तासाभरात यंत्रातून वीतभर खडस बाहेर आला. आबांनी तो ओल्या ओंजळीत घेतला. ते सोनेरी खवले बघून त्यांचे डोळे भरून आले. चाळीस वर्षं जाळं ओढलेल्या त्या हातांना एकच रीत ठाऊक होती, पहिला मासा नदीला परत द्यायचा. खिडकीखालीच नदी वाहत होती. पर्यटकांना आवडते म्हणून औषधं मारमारून काचेसारखी नितळ केलेली.

"घे, माय," म्हणत आबांनी ओंजळ सोडली.

"आबा!" मॅडम किंचाळल्या.

खडसानं शेपटी मारली, एक गिरकी घेतली आणि पांढरं पोट वर करून तो तरंगायला लागला.

"एकच कुपी होती हो त्याची..." मॅडम मटकन खाली बसल्या.

आबा खिडकीतून हलले नाहीत.

"हयात गेली आमची," ते म्हणाले, "पन नदीनं पयला मासा कधी माघारी दिला नव्हता."