डेलमारची काडतुसं

आमच्या वायोमिंगात झाडलेली काडतुसं लोक घरीच पुन्हा भरतात, पण दुसऱ्याने भरलेलं काडतूस कुणी आपल्या बंदुकीत घालत नाही. दारू चिमूटभर जास्त झाली, तर बंदूक तोंडावरच फुटते. म्हणून माझ्यासारखाच एकटा राहिलेला साठीचा डेलमार चांदमारीच्या मैदानावर स्वतः भरलेली काडतुसं माझ्यापुढे धरून उभा राहिला, तेव्हा मला हसूच फुटलं.

"अरे वेड्या, बत्तीस वर्षं संसार केला, पण नवऱ्याने भरलेलंही मी कधी झाडलं नाही!"

"माहितीये, लव्हॉन. प्रत्येकातली दारू तीन-तीनदा तोललीय."

"मग हात का थरथरतोय?"

"तोलताना नव्हता थरथरत."

मी एक काडतूस बंदुकीत सारलं आणि चाप ओढला. समोरचं लोखंडी हरीण ठण्णकन वाजलं.

"आता बोल," मी म्हटलं, "लग्न चर्चमध्ये करायचं की इथेच?"