प्यायचं पाणी

विहिरीवर कोकिळा भरलेली बादली पुढ्यात घेऊन उभी होती. खाडीपलीकडचा कारखाना आल्यापासून पाण्याला औषधासारखा वास मारायचा. आज पहिल्यांदाच तिला त्या वासाने बरं वाटत होतं. तपासणीत पाण्याचा नमुना खराब निघाला की गावाला टँकर सुरू होणार होता. बायकांनी पंचायतीचे उंबरठे झिजवले, तेव्हा कुठे पाणी तपासणारे साहेब यायला निघाले होते.

"देवा, आजच्या दिवस तरी पानी घाणच राहू दे," शेजारची कमळ म्हणाली. बायका हसल्या.

कोळशाचा फिल्टर गावात एकट्या कोकिळेकडे होता. लेकीचं, छोट्या प्राप्तीचं, पोट सारखं बिघडायला लागलं, तेव्हा नवऱ्याने ट्रक वाशीला खाली करून येताना तो आणला. कोळसा नारळाच्या करवंटीचाच, पण चुलीतला नव्हे, कारखान्यात मुद्दाम तयार केलेला. पाण्याचा वास, रंग सगळं ओढून घ्यायचा. दिवसाला जेमतेम एक कळशी निघे. घरात 'प्यायचं पाणी' म्हणत ते तेवढंच, आणि तेही पोरीसाठी. सासू कृष्णाबाई त्याला तोंडसुद्धा लावत नसे.

जीप आली, पण विहिरीकडे वळलीच नाही. गावात जरा थांबून परत निघाली. कोकिळा बादली घेऊन धावत आडवी गेली. निम्मं पाणी साडीवर सांडलं.

"साहेब, नमुना?"

"घेतला की, ताई. त्या कौलारू घरातून. आजींना म्हटलं, प्यायचं पाणी द्या." साहेबांनी सीलबंद बाटली दाखवली. पाणी नितळ होतं. "मीही तांब्याभर प्यायलो. गोड पाणी आहे. उगाच तक्रारी करता तुम्ही."

"ते फिल्टरचं हाय, साहेब. इहिरीचं ह्ये घ्या."

"गावाला एकच बाटली असते," साहेब म्हणाले. काच वर गेली.

कोकिळा धुरळ्यात उभी राहिली. घरी आली तेव्हा कृष्णाबाई रिकामी कळशी पालथी घालत होती. ओटीवर पाहुण्याला दिलेल्या गुळाची वाटी होती. प्राप्ती पाणी मागत होती.

"आई, त्यांना ते पानी कशाला दिलं?"

कृष्णाबाईला प्रश्नच कळेना.

"पावना दारात आला," ती म्हणाली. "त्याला इहिरीचं नासकं पानी द्यावं व्हय?"