परत न आलेल्या ताटल्या

शेताच्या बांधावरून शांतवन आणि शेजारचा बाबाजान यांच्यात वर्षानुवर्षांचं वैर. तरी शांतवनची बायको हन्ना समेटाची आशा धरून दर नाताळला बाबाजानच्या घरी करंज्यांची ताटली धाडायचीच. करंज्या जात, ताटलीही जाई. परत काहीच येत नसे.

यंदा शांतवन कावला. "भांडान मिटंना, आन् घरातली भांडी तेवढी संपत चालली. उद्यापासून हातावर जेवायचं व्हय?"

तेव्हा उरलेली शेवटची ताटली भरून हन्ना स्वतःच निघाली. आज सोक्षमोक्ष, नाहीतर हा नाद कायमचा बंद.

बाबाजानच्या बायकोनं, चांदबीनं, दार उघडलं. आत फळीवर हन्नाच्या सगळ्या ताटल्या लखलखत होत्या.

"परत का न्हाई केल्या गं?"

"रिकामी ताटली कशी धाडू? आन् ईदला गुलगुले घालून धाडली, तर समेट झाला म्हनायचा." चांदबीनं आवाज बारीक केला. "आमचे हे म्हनत्यात, समेट झाला की हन्नाच्या करंज्या बंद. त्यापरीस भांडान ऱ्हाऊ दे."

हन्नानं हातातली ताटली पदराखाली झाकली.

"मग त्यान्ला सांग, यंदापासून करंज्या आमच्या ओसरीवर बसूनच खायच्या."