सोबतीचा माणूस

यासीनसाठी आणलेली नवी घोंगडी रत्नाने मांडीवर तीनदा उलगडली आणि तीनदा घडी घातली. भोरच्या व्यसनमुक्ती केंद्रात आज तिच्या बापाचा, हैबतीचा, सत्कार होता. दारू सोडून वर्ष झालं होतं.

वर्षापूर्वी म्हाताऱ्याने स्वतःच फोन केला होता. "रत्ने, मला दारू सुटंना. केंद्रात नाव घाल." पालीच्या वरच्या वाडीत मेंढरांमागे एकटा राहणारा बाप कधी प्यायला लागला, हे उत्रोलीत नांदणाऱ्या लेकीला कळलंही नव्हतं. सासरे गेनबा तर तेव्हापासून तिला पाण्यात पाहत होते. "लई झ्याक सोयरा गावला आमाला," असं येताजाता ऐकवत.

नाव घालायला आधार कार्ड लागलं आणि दर गुरुवारी सोबत एक माणूस. सोबत आला यासीन. पोरगा अफगाणिस्तानातून जीव मुठीत धरून पळालेला. आश्रयासाठी अर्ज करून बसला होता. पुण्यात कुठंच थारा मिळेना, म्हणून म्हाताऱ्याची मेंढरं राखायला राहिला होता.

"याचं आधार?" कारकुनाने विचारलं.

"त्येला कशाला? त्यो नुसता सोबतीला," हैबती घाईघाईने म्हणाला.

औषध म्हाताऱ्याने घेतलंच नाही. नुसतं बोलणं पुरे, म्हणाला. त्यातही कानांनी दगा दिलेला! डोंगरापलीकडचं कोकरू ओरडलं तर ऐकू यायचं, पण समुपदेशक सोनियाताईंचं एक अक्षर कळत नसे. "पोराला हिंदीत सांगा, त्यो मला सांगंल," असं त्यानेच ठरवून टाकलं. मग ताई यासीनला सांगत, तलफ आली की काय करायचं, जुन्या आठवणींनी झोप उडाली तर कुणाला हाक मारायची. एकदा ऐकता ऐकता पोरगं ढसाढसा रडलं. रत्ना तिथंच बसली होती. परक्याच्या बापासाठी कोण रडतं हो? त्या दिवशी तिने त्याला मनोमन भाऊ मानलं. देवच पावला म्हणायचा, नाहीतर म्हाताऱ्याला इतक्या लांब दर गुरुवारी कोण घेऊन आलं असतं!

सोनियाताईंनी हैबतीच्या गळ्यात हार घातला. टाळ्या वाजल्या. तेवढ्यात गेनबा उठले आणि खिशातून बिरोबाच्या भंडाऱ्याची पुडी काढली.

"हार कुनीबी घालतं, पाव्हणं. आपल्यात भंडारा उचलल्याबिगर खरं धरत न्हाईत. उचला आन म्हणा, पीत हुतो, सोडली. मंग आमी मानू."

रत्नाला हायसं वाटलं. हातात भंडारा घेऊन धनगर खोटं बोलत नाही. एकदाचं सासऱ्यांचं तोंड बंद होईल, तिलाही चार माणसांत मान वर करता येईल.

हैबतीने हळदीची चिमूट उचलली आणि हात तसाच अधांतरी धरला.

रत्ना घोंगडी बाजूला सारून अर्धी उठली. पुन्हा प्यायला की काय? म्हातारा यासीनकडे पाहत होता. पोराने डोळे पुसले आणि होकारार्थी मान डोलावली.

हैबतीने मोकळ्या हाताने गळ्यातला हार काढला आणि पोराच्या गळ्यात घातला.

"बिरोबाची आण," तो म्हणाला, "म्या जल्मात दारूला शिवलो न्हाई."