लायलची लाकडी काठी

अक्वेसास्नेत, आमच्या आदिवासी वस्तीत, मी चाळीस वर्षं लॅक्रॉसच्या लाकडी काठ्या घडवतोय; टोकाच्या जाळीत चेंडू झेलायचा हा आमचा जुना खेळ. एनॉसचा पोरगा लायल मात्र कायम प्लॅस्टिकवाला. माझ्या काठ्यांना तो 'म्हाताऱ्यांचा आधार' म्हणायचा. आज एनॉस स्वतःच त्याच्यासाठी लाकडी काठी मागायला आला, मग मी कसली संधी सोडतोय!

"म्हटलं होतं ना, एक दिवस झक मारत माझ्याच काठीवर येईल!"

एनॉस भिंतीला टेकवलेल्या काठ्या एकेक करून चाचपत राहिला.

"बरं, टोक रुंद देऊ की अरुंद?"

"अरुंद दे, काका. आणि जाळी खोल. घुसून खेळतो तो, चेंडू निसटायला नको."

"लांबी किती ठेवू?"



"शवपेटीत मावेल एवढी. सोबत लाकडाचीच द्यायची ना, काका, आपल्यात?"